अर्धेच उरलेले जाबसाल

इस्रायलला आपल्यासारखी एकसंध लिखित राज्यघटना नाही, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत सांगितलेली असते. त्या रिकाम्या जागेचा एक मोठा कोपरा गेली पाऊणशे वर्षे एका पत्राने व्यापला आहे, हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही. पत्राची तारीख १९ जून १९४७. लिहिणारे ज्यू एजन्सीचे कार्यकारी मंडळ, म्हणजे ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाईनमधील ज्यूंची जवळजवळ प्रतिसरकार म्हणावी अशी, पण ब्रिटिशांनीच मान्यता दिलेली संस्था. ज्यांना लिहिले ती 'अगुदत इस्रायल' ही सनातनी धर्मनिष्ठांची संघटना. खाली सह्या तीन आहेत: दाविद बेन-गुरियन, रब्बी येहुदा लेब फिशमन (यांनीच पुढे मायमोन हे नाव घेतले) आणि यित्झाक ग्रुएनबाउम. एक मजूर चळवळीचा पुढारी, एक धर्मनिष्ठ राष्ट्रवादी, एक कट्टर इहवादी. राज्य अजून जन्माला यावयाचे होते. जन्मापूर्वीच धर्म आणि राज्य यांच्यातील वाटणीपत्र तयार होत होते.

हे पत्र लिहिण्याची घाई का झाली, हे तारखेवरून कळते. संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेली अकरा देशांची समिती त्याच महिन्यात पॅलेस्टाईनमध्ये आली होती. (या अकरांत हिंदुस्थानचे सभासद न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान हेही होते, आणि फाळणीला विरोध करून संघराज्याची शिफारस करणाऱ्या तिघांत हिंदुस्थान होता, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.) अशा वेळी धर्मनिष्ठ ज्यूंनीच या समितीपुढे जाऊन भावी राज्याविरुद्ध साक्ष दिली असती तर सर्वच मुसळ केरात गेले असते. तेव्हा त्यांची समजूत घालणे भाग होते. पत्राने चार गोष्टींचा उल्लेख केला. शनिवार हा कायदेशीर विश्रांतीचा दिवस राहील; ज्यूंसाठी चालविलेल्या सरकारी स्वयंपाकघरांत धार्मिक आहारनियम पाळले जातील; विवाहाच्या बाबतीत समाजाची दोन शकले होऊ नयेत म्हणून शक्य ते सर्व केले जाईल; आणि शिक्षणात प्रत्येक पंथाच्या शाळांना स्वायत्तता राहील, मात्र भाषा, इतिहास, विज्ञान असे काही किमान विषय राज्य ठरवील. याबरोबरच, हे राज्य धर्मसत्ताक असणार नाही आणि सर्व नागरिकांना सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिल्यावाचून राष्ट्रसंघाची मान्यता मिळणे शक्य नाही, असेही पत्रात स्पष्ट म्हटले होते. 'जैसे थे' पत्र या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले.

आता या पत्राचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इस्रायलमध्ये धर्म आणि राज्य यांचा कोणताही वाद निघाला की दोन्ही बाजू या पत्राची शपथ घेतात. धर्मपीठाच्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून मिळालेली सूट याच पत्राने दिली, असे मानणारे तेथे आणि बाहेरही पुष्कळ आहेत. पत्र काढून पाहावे तर त्यात सैन्याचा उल्लेखही नाही. विवाहासंबंधीचे वाक्यही जितके ठाम मानले जाते तितके ते नाही. त्यात आश्वासनापेक्षा सदिच्छेचा भाग अधिक आहे. लिहिणाऱ्यांनी ते जाणूनबुजून सैल ठेवले. वाचणाऱ्यांनी कालांतराने त्याची गाठ घट्ट मारली. मूळ कागद जपलेला आणि छापलेला नसता तर कोणत्या वाक्यात काय होते, याचा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे केला असता?

ज्यू मुत्सद्दी आणि त्यांचे धर्मगुरू यांच्यातील पत्रव्यवहार गोळा करण्याच्या खटाटोपाकडे मी याच दृष्टीने पाहतो. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. इतिहाससंशोधनाचा अधिकार त्याला नाही. परंतु दुर्मिळ वस्तूचे मोल कसे ठरते आणि ते ठरताना कोणाचे काय हरवते, हा प्रश्न आमच्या शास्त्रातलाच आहे. शिवाय या विशिष्ट पत्रव्यवहाराचा एक धागा कोकणापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, ते पुढे येईलच.

पत्रे जपण्याच्या बाबतीत ज्यू समाजाइतका दैववान समाज विरळा. याचे कारण एका धार्मिक संकोचात आहे. ज्या कागदावर ईश्वराचे नाव लिहिले गेले असेल तो जाळावयाचा नाही, फाडावयाचा नाही. तो सभागृहातील एका बंद कोठडीत टाकावयाचा किंवा पुरावयाचा. या कोठडीला 'गेनिझा' म्हणतात. जुन्या कैरोतील बेन एझ्रा सभागृहाच्या गेनिझात सुमारे हजार वर्षांचे कागद साठले होते. सॉलोमन शेख्टर या विद्वानाने १८९६-९७ च्या हिवाळ्यात त्यातील बहुतेक केंब्रिजला नेले. तेथे आज एक लाख नव्वद हजारांच्या वर तुकडे आहेत. ईश्वराच्या नावाच्या आडोशाने त्यात व्यापाऱ्यांच्या हुंड्या, घटस्फोटाचे कागद, मुलांचे पाटीवरचे धडे असे सर्व काही वाचले. मंगळूरला बाराव्या शतकात राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू याची पत्रेही त्यातच सापडली. थोर धर्मशास्त्री मायमोनिडीस याचा भाऊ दाविद हा हिंदी महासागरात बुडाला; त्या प्रवासाला निघताना त्याने लाल समुद्राकाठच्या बंदरातून भावाला लिहिलेले पत्रही त्यात आहे.

राजदरबारी असलेल्या ज्यूंनी धर्मपीठांशी चालविलेल्या पत्रव्यवहाराची परंपराही तितकीच जुनी आहे. दहाव्या शतकात कॉर्डोव्हाच्या खलिफाच्या पदरी असलेला हसदाई इब्न शाप्रुत आणि अकराव्या शतकात ग्रॅनाडाचा वजीर झालेला सॅम्युएल हा-नागीद ही दोन नावे या संदर्भात नेहमी घेतली जातात. हसदाईने खझार लोकांच्या ज्यू राजाला लिहिलेल्या पत्राची हकीकत मोठी गमतीची आहे. पत्राच्या आरंभीच्या पद्यात ओळींची आद्याक्षरे जुळविली तर हसदाईचे नाव निघते, आणि पुढे वाचत गेले तर त्याचा चिटणीस मेनाहेम बेन सारूक याचेही नाव निघते. धन्याच्या पत्रात चिटणिसाने आपली सही अशी लपवून ठेवली. कारकुनी पेशातल्या माणसांना यातील समाधान वेगळे सांगावयास नको. त्या पत्राला आलेल्या उत्तराच्या अस्सलपणाविषयी पंडितांत जुना वाद आहे. त्यात शिरण्याचे आपणास कारण नाही. लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की हा पत्रव्यवहार छापला गेला तो सोळाव्या शतकात, इसाक अक्रिश नावाच्या एका संग्राहकाने कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो प्रसिद्ध केला तेव्हा. लिहिणारा आणि छापणारा यांच्यामध्ये सहाशे वर्षे गेली होती.

अलीकडच्या काळात मात्र या दैवाला ओहोटी लागलेली दिसते. सर मोझेस मॉन्टेफिओरी हे एकोणिसाव्या शतकातील ज्यूंचे सर्वांत मोठे प्रवक्ते. १८४० च्या दमास्कस प्रकरणात ते स्वतः पूर्वेकडे गेले; पॅलेस्टाईनमधील ज्यूंची त्यांनी १८३९ पासून पाच वेळा शिरगणती करविली; तेथील रब्बींशी त्यांचा अखंड पत्रव्यवहार होता. शंभर वर्षांचे होऊन ते १८८५ मध्ये वारले. त्यांच्या रोजनिशांतून व कागदांतून निवडक भाग घेऊन त्यांचे सहकारी लुई लोव यांनी तयार केलेले दोन खंड १८९० मध्ये निघाले, आणि नंतर मूळ रोजनिशा व बरेचसे कागद त्यांच्या वारसाच्या आज्ञेने जाळण्यात आले. वारसाचा हेतू वाईट होता असे नव्हे. खाजगी गोष्टी चव्हाट्यावर येऊ नयेत एवढाच विचार त्याने केला असावा. पण आज संशोधकाला मिळते ते लोव यांनी चाळून दिलेले. चाळणीतून काय खाली पडले ते सांगण्यास कोणी नाही. आपल्याकडे राजवाडे, खरे, पारसनीस यांनी वाड्यावाड्यांतून रुमाल सोडवून आणले नसते तर आपलीही गत याहून निराळी झाली नसती.

दुसरे उदाहरण थिओडोर हेर्झल यांचे. ज्यू राष्ट्राची कल्पना डोक्यात येताच, १८९५ च्या जूनमध्ये, त्यांनी ज्यांना पत्रे धाडली त्यांत व्हिएन्नाचे मुख्य रब्बी मोरित्झ ग्युडेमान हे होते. ऑगस्टमध्ये म्युनिकला दोघे भेटले. हेर्झल यांनी आपली योजना वाचून दाखविली आणि रब्बी भारावून गेले, अशी हेर्झल यांच्या रोजनिशीत नोंद आहे. त्याच वर्षीच्या नाताळात हेच रब्बी हेर्झल यांच्या घरी गेले तेव्हा मुलांसाठी नाताळचे झाड पेटवणे चालले होते, आणि पाहुण्यांना ते फारसे रुचलेले दिसले नाही, हीही नोंद हेर्झल यांचीच. पुढे १८९७ मध्ये ग्युडेमान यांनी एक पुस्तिका लिहून ज्यू राष्ट्रवादाला स्पष्ट विरोध केला. हे मतांतर कसे झाले? भारावलेपण खरे होते की ते ऐकणाऱ्याच्या उत्साहात मोठे झाले? हेर्झल यांची रोजनिशी छापली गेली, भाषांतरे झाली, जगभर वाचली गेली. तिच्यात एक बाजू बोलते, दुसरी ऐकून घेते. आपल्या जुन्या दप्तरांत 'जाबसाल' असा एक नेमका शब्द आहे. सवाल आणि जबाब यांची जोडी मिळून जाबसाल होतो. त्यातला एकटा सवाल किंवा एकटा जबाब हा फार तर अर्धा कागद.

पुरा जाबसाल जमविण्याचे एक ठळक उदाहरण विसाव्या शतकात आहे, आणि ते एका पंतप्रधानाच्या अडचणीतून निर्माण झाले. १९५८ च्या मार्चमध्ये इस्रायलचे गृहमंत्री बार-येहुदा यांनी असा हुकूम काढला की, जो मनुष्य प्रामाणिकपणे आपण ज्यू असल्याचे सांगेल त्याची नोंद ज्यू म्हणून करावी. धर्मशास्त्राप्रमाणे ज्यू तो, जो ज्यू मातेच्या पोटी जन्मला किंवा ज्याने विधिपूर्वक धर्मांतर केले. साहजिकच राष्ट्रीय धार्मिक पक्षाचे मंत्री मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यावर बेन-गुरियन यांनी जी युक्ती योजली ती आपल्याकडच्या मुत्सद्द्यांनाही सुचली असती. पण ती पार पाडण्याची चिकाटी कितपत दिसली असती, कोण जाणे. २७ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांनी जगभरच्या पन्नास ज्यू विद्वानांना एक पत्र पाठविले. वडील ज्यू, आई ज्यू नाही आणि तिने धर्मांतरही केलेले नाही, परंतु मुलाला ज्यू म्हणून वाढवावे अशी दोघांची इच्छा आहे. अशा मुलाची नोंद कशी करावी? प्रश्न एवढाच. पण त्याच्यासोबत इस्रायलमधील धर्मस्वातंत्र्य, निरनिराळ्या देशांतून येऊन एकत्र होणारे ज्यू, मिश्रविवाहांचा प्रश्न असे सर्व संदर्भ त्यांनी मांडले होते.

उत्तरे आली. लुबाविच पंथाचे गुरू मेनाहेम मेंडेल श्नीअरसन, तत्त्वचिंतक रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल, सुधारणावादी मॉर्डेकाई कॅप्लान, ऑक्सफर्डचे आयझाया बर्लिन, आणि पुढे १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारे कादंबरीकार अग्नोन अशी नाना छटांची माणसे उत्तर देणाऱ्यांत होती. धर्मशास्त्राच्या प्रश्नात कादंबरीकाराला आणि तत्त्वज्ञाला का विचारता, असा आक्षेप सनातन्यांनी घेतला. हा आक्षेप अगदीच अनाठायी नव्हता. पण बेन-गुरियन यांना हवा होता तो समाजाचा कौल, आणि तो मागताना त्यांनी प्रश्न आपल्या सोयीने मांडला असला तरी उत्तरे आपल्या सोयीची निवडली नाहीत. बहुसंख्य उत्तरे धर्मशास्त्राच्या बाजूची आली. पुढे १९६० मध्ये नोंदणीचे नियम त्या धोरणाने बदलले, आणि १९७० मध्ये कायद्यातच ज्यूची व्याख्या घालण्यात आली.

ही उत्तरे सरकारी कपाटात पडून राहिली असती. ती १९६५ मध्ये मूळ प्रश्नासह ग्रंथरूपाने आली, याचे श्रेय बारूक लिटविन या गृहस्थांना आहे. हे ना प्राध्यापक, ना रब्बी. अमेरिकेतील मिशिगन राज्यात माउंट क्लेमन्स या गावी राहणारे हे व्यापारी. सभागृहात स्त्री-पुरुषांनी एकत्र बसावे की वेगळे, या प्रश्नावर त्यांनी स्वतःच्या सभागृहाविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा लढवून १९५९ मध्ये जिंकला होता; त्यांची मते अनेकांना पटणार नाहीत, मलाही पटत नाहीत. पण ज्यांच्याशी आपले जमत नाही अशांचीही पत्रे त्यांनी त्या ग्रंथात येऊ दिली, आणि सिडनी होनिग या विद्वानाकडून त्याचे संपादन करविले. संग्राहकाला मते असावीत; संग्रहाला असू नयेत.

येथे बाजाराविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. यरुशलेम आणि न्यूयॉर्क येथे हिब्रू हस्तलिखिते व पत्रे यांचे लिलाव नियमाने होतात. राष्ट्रपुरुषाच्या पत्राला किंमत येते ती सहीची आणि प्रसंगाची. रब्बीच्या पत्राला त्याखेरीज आणखी एक गिऱ्हाईक असते: ज्याला ते पत्र घरात असणे हेच पुण्यप्रद आणि संरक्षक वाटते असा भाविक. आमच्या भाषेत सांगावयाचे तर एकाच वस्तूला दोन वेगवेगळ्या प्रकारची मागणी आहे, पुरवठा कायमचा थांबलेला आहे, आणि म्हणून किंमत वर जाणे अटळ आहे. यात गैर काही नाही. किंमत आली म्हणूनच कित्येक कागद रद्दीत गेले नाहीत, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

गैर घडते ते निराळेच. बाजार सुटा कागद विकतो. मंत्र्याने विचारले आणि रब्बीने उत्तर दिले, तर उत्तराला हजारो डॉलर येतात आणि विचारणेच्या टंकलिखित प्रतीला कोणी विचारीत नाही. मग उत्तर एका श्रीमंताच्या भिंतीवरच्या चौकटीत जाते आणि प्रश्न सरकारी दप्तरात राहतो. कधी एखादे जाड पुडके फोडून त्यातील सहीचे तेवढे कागद वेगळे काढले जातात, कारण सुटे विकून येणारी रक्कम गठ्ठ्याच्या किमतीहून अधिक होते. विकणाऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार चोख आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र बेरजेपेक्षा वजाबाकीच मोठी होते. त्यातच जेथे एका सहीला इतके मोल, तेथे बनावट सहीचा धंदा उभा राहणारच. आणि बनावट पत्र ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय कोणता, तर त्याचा जोडीचा कागद दुसऱ्या बाजूच्या दप्तरात सापडतो का, हे पाहणे. म्हणजे जोडी मोडून बाजार स्वतःच्याच मालाची साक्ष नाहीशी करीत असतो.

सरकारी दप्तरांनी हे काम करावे, असे कोणी म्हणेल. इस्रायलने १९४९ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागार स्थापन केले आणि १९५५ मध्ये त्याचा कायदा केला. त्याआधीही १९१९ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेले झायनवादी चळवळीचे दप्तर १९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, यरुशलेमला हलविले गेले होते; ते हलविले नसते तर काय झाले असते याचा विचारही नको. बेन-गुरियन यांचे प्रचंड कागदपत्र नेगेव्ह वाळवंटातील स्दे बोकेर येथे आहेत. तेव्हा मुत्सद्द्यांची बाजू बऱ्यापैकी सुरक्षित आहे. उणीव आहे ती दुसऱ्या बाजूची. धर्मगुरूंचे पत्रसंग्रह बहुधा त्यांचे शिष्य किंवा मुले प्रसिद्ध करतात. ते भक्तिभावाने केलेले असतात, आणि भक्तीचा स्वभावच असा की तिला उपदेश टिपून ठेवावासा वाटतो, व्यवहार नाही. शिवाय पुष्कळ गोष्टी मुळात लिहिल्याच जात नाहीत. २० ऑक्टोबर १९५२ रोजी बेन-गुरियन स्वतः बनेई ब्राक या गावी 'हझोन ईश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बी अव्राहम येशाया करेलित्झ यांच्या घरी गेले. या रब्बींकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. तरी पंतप्रधान त्यांच्याकडे गेले, हीच त्या काळची एक मोठी बातमी. दोघांत काय बोलणे झाले हे आपणास कळते ते मुख्यतः सोबत असलेले चिटणीस यित्झाक नवोन यांच्या आठवणींवरून. हे नवोन पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. पुन्हा एक चिटणीसच.

लष्करी सेवेच्या सुटीचा प्रश्न या कागदांतून कसा उलगडतो ते पाहावे. १९४८ च्या युद्धात सुमारे चारशे धर्मविद्यार्थ्यांना सूट दिली गेली. युरोपातील धर्मपीठे नाझींनी बेचिराख केली होती. उरलेली ज्योत विझू नये, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे होते. दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, बेन-गुरियन यांनी मुख्य रब्बी यित्झाक हेर्झोग यांना या बाबतीत पत्र लिहिले. हा प्रश्न सर्वप्रथम नैतिक आहे, अशी त्यांची मांडणी होती: एका आईचा मुलगा देशासाठी मरावा आणि दुसरीचा आपल्या खोलीत सुखरूप अभ्यास करीत राहावा, हे योग्य आहे काय? म्हणजे ज्याने सूट दिली त्यालाच ती खुपू लागली होती, आणि हे कळते ते केवळ या पत्रामुळे. पुढे संख्येवर मर्यादा आली, ती १९७७ मध्ये बेगिन सरकार आल्यावर उठली, आणि २५ जून २०२४ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की कायद्याचा आधार नसताना ही सूट चालू ठेवता येणार नाही. तोवर चारशेंचे सुमारे त्रेसष्ट हजार झाले होते. रब्बी हेर्झोग यांचे चिरंजीव १९८३ मध्ये आणि नातू २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्या घराण्याचे कागद राखले जाण्याची चिंता करावयास नको. प्रत्येक रब्बीचे घराणे असे नसते.

आणि आता कोकण. १९४७ च्या पत्रातील विवाहाविषयीच्या सैल वाक्याचे १९५३ मध्ये कायद्यात रूपांतर झाले. इस्रायलमधील ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे गेले. दुसरी वाट ठेवलीच नाही. या सुमारास रायगड आणि मुंबईकडील बेने इस्रायल कुटुंबे तेथे जाऊन वसत होती. घरात मराठी बोलणारी, शनिवार पाळल्यामुळे कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखली गेलेली ही मंडळी. शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिल्यामुळे त्यांच्यातील घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्रातील विधीप्रमाणे झाले होते काय, अशी शंका काही रब्बींनी काढली. १९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने तत्त्वतः विवाहास मान्यता दिली, पण त्यापाठोपाठ आलेल्या सूचनांत बेने इस्रायलांचे नाव घेऊन त्यांच्या मातृकुळाची जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी असे सांगितले. पेण-अलिबागच्या पणजीचा जन्मदाखला यरुशलेमच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे कोणी आणि कोठून आणावा?

मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम हे स्वतः बगदादचे. त्यांनी ही बाब रंगद्वेषातून उकरून काढली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती शंका जुनी होती, तिच्यावर आधीच्या रब्बींचे निर्णय होते, आणि धर्मनिर्णयात सरकारने हात घालू नये हे त्यांचे म्हणणे त्यांच्या दृष्टीने सुसंगत होते. १९६२ मध्ये रब्बींच्या मंडळाने या विषयावरील धर्मनिर्णयांची पुस्तिकाही काढली. तथापि ज्या नियमात एकाच समाजाचे नाव असते, त्या नियमाने त्या समाजाचा अपमान होतो, त्याचे मूळ कितीही शास्त्रशुद्ध असो. बेने इस्रायलांनी अर्ज केले, निवेदने दिली, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक भरली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर करून भेदभावाचे कारण दूर करण्यास रब्बींना सांगितले, आणि त्यानंतर सूचनांतून या समाजाचे नाव वगळण्यात आले.

या जाबसालाची कोणती बाजू आज उपलब्ध आहे? पंतप्रधानांच्या कचेरीची टिपणे, रब्बींचे निर्णय, संसदेतील भाषणे ही यरुशलेमला आहेत. ज्यांच्या घरच्या मुलींचे विवाह अडले त्यांनी काय लिहिले, गावाकडच्या वडीलधाऱ्यांना कोणती विचारणा केली, आणि गावाकडून काय उत्तर आले, हे कागद मात्र दप्तरी असतीलच असे नाही. ते मराठीत लिहिले गेले असणार आणि घरोघरच्या पेट्यांत गेले असणार. काही अश्दोद, बीरशेबा, लोद, दिमोना येथे, काही ठाण्यात, पनवेलीत आणि अलिबागेत. या समाजाला कागदाची किंमत कळत नव्हती असेही नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो चाळीस वर्षे पडून राहिला आणि १९३७ मध्ये छापला गेला तो तेल अवीवला, इमॅन्युएल ओल्सव्हांगर यांच्या खटपटीने. इस्रायलमध्ये 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही १९८० च्या दशकात सुरू झाले. परंतु दुसऱ्या पिढीला मराठी बोलता येते, वाचता येतेच असे नाही. तिसरीला बोलताही क्वचितच येते. जो कागद घरात कोणालाच वाचता येत नाही, तो घर बदलताना सर्वांत आधी बाहेर पडतो.

या पत्रांना लिलावात किंमत नाही. कारण त्यांच्याखाली कोणा थोर पुरुषाची सही नाही. म्हणून ती फोडून विकली जाण्याची भीती नाही, पण रद्दीत जाण्याची भीती दुप्पट आहे. काम फार खर्चाचेही नाही. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत इतिहासाचे आणि मराठीचे विभाग आहेत. १९६१ ते १९६४ या चारच वर्षांपुरते ठरवून, समाजातील वडील मंडळींच्या संमतीने, मूळ कागद त्यांच्याच घरी ठेवून, विद्यार्थ्यांनी नुसत्या नकला आणि छायाचित्रे घेतली तरी पुष्कळ झाले. प्रत्येक पत्राची तारीख, लिहिणारा कोण, कोणाला लिहिले आणि कशाचे उत्तर म्हणून, एवढी चार खाने असलेली वही ठेवावी. त्यातील चौथा खाना बहुधा रिकामा राहील. तो भरण्यासाठी हिब्रू जाणणारा एखादा मराठी विद्यार्थी यरुशलेमच्या अभिलेखागारात काही महिने बसवावा लागेल, आणि त्याच्या भाड्याचा आणि जेवणाचा खर्च कोणत्या विद्यापीठाने करावयाचा, हे आधी ठरवावे लागेल.